नवे वर्ड, जुनी विक्रीखते: आधी काय बंद करायचे

प्रश्न म्हापशाच्या एका ताईंचा आहे. त्या वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करतात. विक्रीखते, मुखत्यारपत्रे, प्रतिज्ञापत्रे इंग्रजीत असतात. वकीलसाहेब एका देवस्थान समितीवर आहेत, तिच्या नोटिसा आणि जत्रेची पत्रिका मराठीत, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये. इतकी वर्षे वर्ड २००७ वर काम चालले. आता कॉम्प्युटर बदलला आणि त्यावर मायक्रोसॉफ्ट ३६५ आले. नेहमीची बटणे सापडत नाहीत, पाने भलतीकडेच तुटतात, मराठीतली अक्षरे मध्येच बदलतात. त्यातच जुने विक्रीखत उघडून त्यावर नव्या पक्षकाराचे करायला घेतले, तर मूळ फाइलच बदलून बसली. जुनी आवृत्ती परत टाकून घ्यावी का, असे त्या विचारतात.

ताई, जुनी परत टाकू नका. वर्ड २००७ चे सुरक्षेचे अपडेट १० ऑक्टोबर २०१७ पासून बंद आहेत. २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांचेही १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. वकिलांच्या ऑफिसात दिवसभर बाहेरून ईमेलने फाइली येतात, पक्षकारांचे पेन ड्राइव्ह लागतात. अशा ठिकाणी इतके जुने वर्ड वापरणे धोक्याचे आहे. जुना कॉम्प्युटर मात्र लगेच भंगारात देऊ नका. त्याचे इंटरनेट काढा आणि काही महिने बाजूला चालू स्थितीत ठेवा. एखादे खत मूळ कसे दिसत होते हे ताडून पाहायला त्याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होणार नाही.

नवी आवृत्ती आली की माणसे आधी बटणे शोधायला लागतात. गोव्यातल्या लहान-मोठ्या ऑफिसांत हे बदल मी बरीच वर्षे करून देतो आहे, आणि माझे मत याच्या उलट झाले आहे. बटणांची सवय आठवड्या-पंधरवड्यात होते. नुकसान होते ते वर्ड आपल्याला न विचारता ज्या गोष्टी करते त्यांतून. आपणहून सेव्ह करणे, आपणहून दुरुस्त करणे, आपणहून अंतरे बदलणे, या तीन गोष्टी आधी ताब्यात घ्या.

सेव्हपासून सुरुवात करू, कारण तुमची मूळ फाइल तिथेच गेली. नव्या वर्डमध्ये वर डाव्या कोपऱ्यात ऑटोसेव्ह नावाची कळ असते. फाइल वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्यात असेल तर ती चालू राहते आणि तुम्ही टाइप कराल तसे मूळ फाइलीतच सेव्ह होत जाते. जुनी पद्धत अशी होती की जुने खत उघडायचे, नावे बदलायची, सर्व्हे नंबर बदलायचा आणि शेवटी सेव्ह ॲज करून नवे नाव द्यायचे. ही पद्धत आता मूळ खत पुसून टाकते. शेवटपर्यंत पोचेपर्यंत पहिल्या पक्षकाराच्या जागी दुसरा येऊन बसलेला असतो. तुम्ही म्हणाल, माझी फाइल तर डेस्कटॉपवर होती. नव्या विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन्ही फोल्डर बरेचदा वनड्राइव्हला जोडलेले असतात, त्यामुळे डेस्कटॉपवर दिसणारी फाइलही तिथलीच असते.

गेलेली फाइल बहुधा परत मिळेल. ती उघडा, फाइलमध्ये इन्फो, तिथे व्हर्जन हिस्टरी. आधीच्या तारखेची प्रत उघडून ती वेगळ्या नावाने ठेवा. हे आजच करा, नंतर पाहू म्हणू नका.

पुढे असे होऊ नये म्हणून फाइल, ऑप्शन्स, सेव्ह या पानावर जा. ऑटोसेव्ह आपोआप चालू ठेवण्याची खूण काढा आणि कॉम्प्युटरवरच सेव्ह करण्याची खूण लावा. त्याच पानावर ऑटोरिकव्हर नावाची वेगळी सोय आहे, ती बंद करू नका. वीज गेली तर तीच वाचवते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी जाते हे मी सांगायला नको. तिची वेळ मुळात १० मिनिटांची असते, ती ५ करा. त्याबरोबर हाताला एक नवी सवय लावा: जुने खत उघडल्या उघडल्या, एकही अक्षर बदलण्याआधी, एफ १२ दाबून नवे नाव द्यायचे. एफ १२ २००७ मध्ये होते तसेच आजही चालते. त्याहून पक्की वाट म्हणजे नेहमीची विक्रीखते, मुखत्यारपत्रे आणि प्रतिज्ञापत्रे टेम्प्लेट म्हणून सेव्ह करून ठेवणे. टेम्प्लेटवर दोनदा क्लिक केले की दर वेळी नवी कोरी प्रत उघडते, मूळ जागचे हलत नाही.

आणखी एक गोष्ट वकीलसाहेबांच्या कानावर घाला. फाइलमध्ये अकाउंट या पानावर कोणाचे नाव आणि ईमेल दिसतो ते बघा. कॉम्प्युटर बसवून देणारे कधी कधी घाईत स्वतःच्याच खात्याने सगळे चालू करून देतात. तसे असेल तर तुमच्या पक्षकारांची खते त्यांच्या वनड्राइव्हवर जातील. खाते ऑफिसचेच हवे आणि त्याचा पासवर्ड ऑफिसातच राहायला हवा.

आता आपणहून होणाऱ्या दुरुस्त्या. खते आणि जुन्या फॉन्टमधले मराठी अशी दोन्ही कामे जिथे होतात, तिथे या दुरुस्त्या सगळ्यात जास्त नडतात. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स असे जा. तिथल्या ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ या भागात अपूर्णांकांची एक खूण असते. ती चालू असली की १, तिरकी रेघ, २ असे टाइप करून स्पेस दिला की त्या तीन अक्षरांच्या जागी अर्ध्याचे एकच बारीक चिन्ह बसते. पाव आणि पाऊण यांचेही तसेच. आपल्याकडच्या खतांत पती-पत्नीचे अर्धे-अर्धे वाटे येतात आणि सर्व्हे नंबर व पोटविभागही तिरकी रेघ देऊनच लिहितात. सर्व्हे नंबर १, पोटविभाग ४ या जागी पावाचे चिन्ह छापले गेले आणि ते तसेच सब-रजिस्ट्रारसमोर गेले, तर पुढे दुरुस्तीखताची पाळी येते. ही खूण काढाच. आपोआप क्रमांक देणाऱ्या यादीची खूणही काढा. खतात ‘वरील कलम ७ प्रमाणे’ असे लिहिलेले असते. वर्डने स्वतः क्रमांक दिलेले असले आणि मधले एखादे कलम तुम्ही काढले, की पुढचे सगळे आकडे सरकतात. वाक्यात हाताने लिहिलेला ७ मात्र तिथेच राहतो.

२००७ मध्ये नसलेली एक नवी गोष्ट आहे. इंग्रजी टाइप करताना पुढचा शब्द फिक्या रंगात आधीच दिसतो. तो काय म्हणतो याकडे आपले लक्षही नसते. पण टॅब दाबला की तो शब्द मजकुरात शिरतो, आणि खते टाइप करणाऱ्यांचे बोट टॅबवर सतत जात असते. ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड या पानावर टेक्स्ट प्रेडिक्शनची खूण आहे, ती काढा. जे खत सही करून नोंदणीला जाणार आहे त्यात आपण न लिहिलेला एकही शब्द नको.

मराठीतली अक्षरे बदलतात ती कशाने, तेही आता सांगतो. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव किंवा आयएसएमचे जुने फॉन्ट डोळ्यांना मराठी दिसतात, पण फाइलीत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. त्यांच्यावर मराठी आकार चढवायचे काम फॉन्ट करतो. वर्डला तुमची नोटीस म्हणजे चुकांनी भरलेले इंग्रजी वाटते, म्हणून सगळीकडे लाल रेघा येतात. मग ते आपल्या परीने दुरुस्त करू लागते. वाक्याचे पहिले अक्षर कॅपिटल करते. पण जुन्या फॉन्टमध्ये स्मॉल आणि कॅपिटल ही दोन वेगळी मराठी अक्षरे असतात, त्यामुळे वाक्याच्या सुरुवातीला भलतेच अक्षर येते. सरळ अवतरणचिन्हे ते वळणदार करते. त्या खणात एखादे अर्धे अक्षर असले की तेही बदलते. ‘मध्येच बदलतात’ असे तुम्हाला वाटते, पण ती मध्येच नाहीत. वाक्याच्या आरंभी, टिंबानंतर आणि काही ठरावीक अक्षरांच्या जागीच बदलत असणार. नोटीस समोर ठेवून बघा.

उपाय असा. ऑटोकरेक्टच्या पहिल्या भागातल्या कॅपिटलच्या सगळ्या खुणा आणि ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’मधली अवतरणचिन्हांची खूण काढा. इंग्रजी खतांतही त्यांच्यावाचून काही अडत नाही, तुमच्या हाताला कॅपिटल द्यायची सवय आहेच. नंतर जुन्या फॉन्टचा मजकूर निवडा, रिव्ह्यूमध्ये लँग्वेज, त्यात प्रूफिंग लँग्वेज, आणि तिथे ‘स्पेलिंग तपासू नको’ ही खूण लावा. त्या मजकुराच्या लाल रेघाही जातील. जुन्या नोटिशीचा मजकूर नव्या फाइलीत चिकटवताना फॉन्टसकट आणावा लागतो. नुसते अक्षर म्हणून चिकटवले तर फॉन्ट गळतो आणि खाली दडलेले इंग्रजी उघडे पडते. चिकटवल्यावर जी छोटी खूण उगवते तिच्यात मूळ स्वरूप राखण्याचा पर्याय निवडा.

फॉन्ट आणि टायपिंगचा प्रोग्राम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात असू द्या. जुन्या कॉम्प्युटरवरचे फॉन्ट नव्यावर आणले की जुन्या नोटिसा दिसतील आणि छापल्याही जातील. टाइप करायचा प्रोग्राम नव्या विंडोजवर चालेलच असे नाही. त्यासाठी कंपनीकडे चौकशी करावी लागेल.

पाने तुटण्याचा भाग त्यामानाने सोपा आहे. वर्ड २००७ मध्ये केलेली फाइल नव्या वर्डमध्ये उघडली की वर नावाशेजारी ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ असे दिसते. त्याला घाबरू नका. जुन्या नियमांनीच पान मांडले जात आहे, एवढाच त्याचा अर्थ. इन्फोमध्ये कन्व्हर्टचे बटण दिसते, ते कारण नसताना दाबू नका. दाबले की नव्या नियमांनी मांडणी होते, ओळी सरकतात आणि सह्यांची जागा एकटीच शेवटच्या पानावर जाऊन बसते. नव्याने सुरू केलेल्या फाइलींत अंतर वेगळे दिसते त्याचे कारण निराळे आहे. दर काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट वर्डचा मूळ फॉन्ट आणि परिच्छेदानंतरची जागा बदलते. २००३ पर्यंत टाइम्स न्यू रोमन १२ होता, २००७ मध्ये कॅलिब्री ११ आला, आता ॲप्टॉस १२ आहे. तुम्ही तुमचा ठरवा. नवी कोरी फाइल उघडा, फॉन्टच्या चौकटीत ऑफिसचा फॉन्ट आणि आकार द्या, परिच्छेदाच्या चौकटीत आधीची-नंतरची जागा शून्य करा. दोन्ही चौकटींत खाली ‘सेट ॲज डीफॉल्ट’ आहे. ते दाबून ‘नॉर्मल टेम्प्लेटवरच्या सगळ्या फाइलींसाठी’ असे निवडा. कागद लीगल वापरत असाल तर पेज सेटअपमध्ये तेही असेच कायम करून टाका.

आता बटणे. तुम्ही २००७ वरून येता, म्हणजे वरची पट्टी तुमच्या ओळखीची आहे. डाव्या कोपऱ्यातले गोल बटण गेले आणि त्या जागी फाइल आले. पेज लेआउटचे नाव नुसते लेआउट झाले. मसुद्याच्या पानामागे जी ‘ड्राफ्ट’ची पुसट अक्षरे घालता ती आणि पानाभोवतीची चौकट आता डिझाइनमध्ये सापडेल. वेगळा प्रिंट प्रिव्ह्यू शोधू नका, कंट्रोल पी दाबले की शेजारी पान दिसते. कंट्रोल एफने आता डावीकडे पट्टी उघडते. तुम्हाला जुनी चौकट हवी असेल तर कंट्रोल एच दाबा. पट्टीच नाहीशी झाली तर कंट्रोल एफ १ दाबा, चुकून कुठल्या तरी टॅबवर दोनदा क्लिक झालेले असते. बाकी जे सापडत नाही त्यासाठी ऑल्ट क्यू दाबून नाव टाइप करा. रोज लागणाऱ्या आठ-दहा गोष्टींवर उजवे क्लिक करून त्या क्विक ॲक्सेस पट्टीत टाका. ती दिसत नसेल तर वरच्या पट्टीवर उजवे क्लिक करून ती दाखवायला सांगा. वकीलसाहेबांच्या कॉम्प्युटरवरही तीच मांडणी हवी असेल तर ऑप्शन्समधून ती फाइल म्हणून काढून तिकडे भरता येते.

दुसऱ्या वकिलांकडून किंवा बँकेकडून दुरुस्त्यांसह फाइल आली तर शेजारच्या टिपा (कॉमेंट्स) आता वेगळ्या वागतात. उत्तर लिहून झाले तरी ते पाठवायचे बटण, किंवा कंट्रोल एंटर, दाबावे लागते. नाहीतर ते अर्धवट पडून राहते आणि समोरच्याला दिसतच नाही.

राहता राहिला मराठीचा मोठा प्रश्न. देवस्थानाचे काम युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे मराठी अक्षरे मराठी म्हणूनच साठवली जातात त्या पद्धतीत, न्यावे का? न्यावे, पण सगळ्या जुन्या फाइली एकदम बदलत बसू नका. जुन्या नोटिसा पीडीएफ करून ठेवा आणि मूळ फाइली फॉन्टसकट एका फोल्डरात जपा. नव्या नोटिसा मात्र आजपासून युनिकोडमध्येच करा. त्या देवस्थानाच्या महाजनांच्या, म्हणजे सभासदांच्या मोबाइलवर उघडतील, ईमेलमध्ये तशाच्या तशा जातील, आणि पुढच्या वर्ड बदलाच्या वेळी तुम्हाला फॉन्टसाठी धावपळ करावी लागणार नाही. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेला प्रमाण कीबोर्ड आहेच. २०१९ पासून उच्चाराप्रमाणे टाइप करायचा मराठी फोनेटिकही आला आहे. श्रीलिपीत तुम्ही कुठला कीबोर्ड वापरत होता त्यावर निवड करा. मी नव्याने शिकणाऱ्यांना इनस्क्रिप्टच सुचवतो, कारण कोकणीलाही तोच चालतो आणि तुमच्या ऑफिसात दोन्ही भाषांचे कागद येतात.

युनिकोडात गेल्यावर वर्डची एक खोड कळेल. देवनागरीसाठी ते फॉन्ट आणि आकार वेगळा धरते. फॉन्टच्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा निराळा भाग असतो. इंग्रजीचा आकार १२ आणि मराठीचा ११ राहून गेला, तर नोटिशीतले आकडे आणि इंग्रजी नावे उगीच मोठी दिसतात. दोन्ही भाग भरा. मंगल फॉन्टमध्ये दोन ओळींतले अंतर खूप पडते, म्हणून पत्रिका एका पानात बसत नाही. निर्मला यूआय किंवा कोकिळा लावून बघा. ओळीचे अंतर हाताने आवळायचे झाले तर रफार आणि वरच्या मात्रा कापल्या जात नाहीत ना, हे स्क्रीनवर न बघता छापून बघा.

जत्रेची पत्रिका दरवर्षी जवळजवळ तीच असते, म्हणून तेवढी एक फाइल कन्व्हर्टरने युनिकोडात आणली तर चालेल. पण जत्रेच्या तोंडावर हे काम काढू नका. या वर्षी जुन्याच फॉन्टमध्ये करून प्रेसला पीडीएफ द्या आणि जत्रा झाल्यावर निवांत रूपांतर करा. कन्व्हर्टर चुका करतो त्या ठरलेल्या जागी. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप झालेली असते, युनिकोडात ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलटे: जुन्यात नंतर, नव्यात आधी. म्हणून ‘वार्षिक’ आणि ‘आर्थिक’ यांसारखे शब्द, जिथे एकाच अक्षरावर वेलांटीही आहे आणि रफारही, तिथे हमखास गडबड होते. ‘स्थिती’, ‘उपस्थित’ अशी जोडाक्षरावर वेलांटी असलेली अक्षरेही तपासा. ‘दुसऱ्या’, ‘पुजाऱ्यांना’ यांतला अर्धा र दोन रीतींनी साठवता येतो आणि दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. त्यामुळे कंट्रोल एफने शोधल्यावर काही सापडतात, काही निसटतात. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबली की हा र मिळतो, त्यापुढे हलन्त आणि मग य. कन्व्हर्ट केलेल्या पत्रिकेतले असे सगळे शब्द एकदा याच रीतीने पुन्हा टाइप करून घ्या. आणि यजमानांची व कुळाव्यांची (ज्यांचे ते कुलदैवत त्यांची) नावे असलेला भाग कन्व्हर्टरवर सोडू नका. तो जुन्या छापील पत्रिकेवरून एकाने मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने स्क्रीनवर बोट ठेवून ताडायचा.